दार लावून पक्कं

नाव चिमणी, पण दाराच्या चौकटीत उभी राहिली तर मागचा उजेड अडायचा, अशी दणकट बाई. लहानपणी काकाने लाडाने मारलेली हाक चिकटली ती चिकटली. पोरगी वाढत गेली, नाव वाढायचं राहून गेलं. चावऱ्या कुत्र्याच्या जबड्यात हात घालून त्याने पळवलेली चप्पल काढून घ्यायला ती कधी कचरली नाही. मात्र स्वतःच्या घराच्या गच्चीवर जायचं म्हटलं की तिची पाचावर धारण बसायची. जिना वळतो तिथे, लोखंडी दाराच्या दोन-चार पायऱ्या अलीकडे, गंजाचा आणि ओल्या भिंतीचा वास यायचा आणि ती तिथूनच मागे फिरायची. का, असं कुणी विचारलं तर तिला धड सांगता येत नसे. लहानपणचा काळोख, कानठळ्या बसवणारा आवाज आणि खाली हात पसरून उभा असलेला काका, एवढंच काय ते आठवायचं.

घरात माणसं दोनच, ती आणि काका. त्यामुळे या भीतीची चेष्टा करणारंही एकच माणूस होतं. "तुझा बागुलबुवा आणि मी आता दोस्त झालोय," म्हणत काका ओल्या कपड्यांची बादली उचलायचा आणि सत्तरीतले गुडघे दाबत दाबत वर जायचा. तिचे कपडे आजवर त्यानेच वाळत घातले. चिमटे ठेवायला वर एक जुना पत्र्याचा डबा होता, तो काका कधी खाली आणायचा नाही. त्याच्या या सेवेचं तिला मनातून फार वाटायचं. आई तिला जन्म देऊन गेली, वडील ती शाळेत जायला लागली तेव्हा गेले, आणि लग्नाच्या वयाच्या या चुलत्याने लग्नबिग्न बाजूला ठेवून पुतणीला तळहाताच्या फोडासारखं जपलं. अशा माणसाबद्दल मनात शंका यायला दाराची फट तरी हवी ना.

घराला लागूनच काकाचं काम होतं. अंध माणसांना वाट दाखवणारी कुत्री तो तयार करायचा. पाठीवर पट्टा, पट्ट्याला कडक मूठ, मूठ अंध माणसाच्या हातात; कुत्रं थांबलं की पायरी आली, कुत्रं वळलं की खांब आला. रस्त्यावरचं सगळं शिकवणं चिमणीकडे. शेवटचे काही आठवडे मात्र काकाचे. अंगणापलीकडे एक लांबट शेड होती, तिला सगळे हॉल म्हणत. रबरी लादी, पांढऱ्या ट्यूबलाइटी, कोपऱ्यात घरघरणारा मोठा पंखा, आणि रोज सकाळी लिंबाच्या वासाच्या फिनेलने पुसलेली जमीन. त्या जमिनीवर बिस्किटांचे तुकडे टाकलेले, चेंडू घरंगळत सोडलेले, डोक्याला लागतील अशा काठ्या टांगलेल्या. कुत्र्याने तिथे इकडे-तिकडे न बघता काम करायचं. हे शिकवताना दार बंद. ज्या माणसाचा कुत्र्याला लळा आहे त्याने आत थांबायचं नाही, नाहीतर कुत्रं त्याच्या तोंडाकडे बघत राहतं, असा काकाच्या घरचा नेमच होता. त्या शिकवण्याला नाव होतं 'दार लावून पक्कं करणं'.

आणि कुत्री खरोखर पक्की होऊन बाहेर यायची. दुसऱ्या गावची शिकवणारी माणसं बघायला येत आणि आ वासून उभी राहत. नाकाखाली बिस्किट पडलं तरी काकाचं कुत्रं मान वळवत नसे. पुतळाच म्हणा ना.

यंदाचा कुत्रा होता मोज्या. तपकिरी अंग आणि पुढचा एकच पाय पांढरा, एका पायात मोजा घातला आणि दुसरा घालायचा विसरला असा. हुशार, प्रेमळ, फक्त खादाड. भर चौकात गाड्यांना बिचकायचा नाही, पण पावाचा तुकडा दिसला की सगळं शहाणपण गुंडाळून ठेवायचा. चिमणीने वर्षभर त्याच्यापुढे हात टेकले. शेवटी काका म्हणाला, "दे इकडे. करतो पक्कं."

पहिले दोन दिवस मोज्या आनंदाने आत गेला. तिसऱ्या दिवशी हॉलच्या दाराशी आला आणि बसला तो उठेना. शेपूट पोटाखाली. चिमणीला हसू आलं. तिने त्याच्या ढुंगणाला हलकेच रेटा दिला. "जा रे सोन्या, लाडात येऊ नको. काका आहे ना आत." मग तीच त्याच्यापुढे दोन पावलं आत गेली, तसा तो मागे आला. ती बाहेर पडली, दार लागलं. असं रोज चाललं. आठवडाभरातच मोज्या हॉलमध्ये दगडासारखा उभा राहू लागला आणि ती ज्याला-त्याला सांगत सुटली की कार्टं सुधारलं.

शंका यावी असं काही नव्हतंच. हॉलबाहेर काका दिसला की मोज्या अंगण ओलांडून धावत जायचा, त्याच्या पायाशी लोळण घ्यायचा, हात चाटायचा. मानेवर केसांखाली दोन लाल ठिपके दिसले तेव्हा तिने विचारलं होतं. "गळ्यातला पट्टा घासतोय, तेल लाव," काका म्हणाला. तिने तेल लावलं.

मोज्याची वाट बघत होते एक घड्याळदुरुस्तीवाले. बाजारात त्यांचं चिंचोळं दुकान होतं. नजर हळूहळू गेली, पण बोटं अजून शाबूत होती. भिंतीवरची मोठी घड्याळं ते हातानेच उघडून नीट करायचे. सकाळ-संध्याकाळ मुलगी हात धरून ने-आण करायची. आता तिला परगावी नोकरी लागली होती, आणि बापाच्या पायी ती नोकरी सोडायला निघाली होती. "ताई, हा कुत्रा मिळाला की पोरगी सुटली," ते चिमणीला म्हणाले होते. "नाहीतर दोघांपैकी एकाला दुकान बंद करावं लागेल. माझं किंवा तिचं." चिमणी त्यांना भाऊ म्हणायची. मोज्या त्यांना द्यायचाच, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

कुत्रा देण्याआधी माणसाला आणि कुत्र्याला त्या माणसाच्या रोजच्या वाटांवर एकत्र चालवावं लागतं. घर ते दुकान झालं, दुकान ते बाजार झाला. मोज्या आणि भाऊ असे चालले की वाटेतल्या लोकांनी बाजूला होऊन जागा दिली. भाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू मावत नव्हतं. मग हॉस्पिटल. साखर तपासायला त्यांना तिथे वरचेवर जावं लागायचं.

हॉस्पिटलात नुकतंच नूतनीकरण झालेलं. लांबलचक बोळ, दोन्हीकडे खोल्या. मोज्या दारातून आत शिरला, बोळाच्या मध्यापर्यंत गेला आणि थांबला.

"पायरी आहे का?" भाऊंनी पायाने चाचपलं. पायरी नव्हती.

"मोज्या, चल," मागून चिमणी म्हणाली. तो हलला नाही. समोरून सामानाची ट्रॉली येत होती. अशा वेळी कुत्र्याने माणसाला भिंतीकडे घ्यायचं, हे तो झोपेतसुद्धा करायचा. ट्रॉली ढकलणाऱ्याला सामानाच्या ढिगापलीकडचं दिसत नव्हतं. चिमणी धावेपर्यंत ट्रॉली भाऊंच्या गुडघ्यावर आदळली आणि ते भिंतीला पाठ घासत खाली बसले. मूठ हातातून सुटली नव्हती. मोज्या तसाच उभा.

एक नर्स धावत आली. भाऊंना उठवता उठवता तिचं लक्ष कुत्र्याकडे गेलं. "अगंबाई, किती शहाणा आहे हो! एवढं झालं, पण जागचा हलला नाही."

सवयीने चिमणीच्या तोंडात 'हो ना' आलंच होतं. ती मोज्याच्या बाजूला वाकली आणि तिने त्याच्या छातीवर हात ठेवला. आत शिलाईचं मशीन चालावं तसं काळीज धडधडत होतं. डोळे विस्फारलेले, जीभ आत, श्वास कोंडलेला. आणि वाकल्यावरच तिच्या नाकात तो वास शिरला. लिंबाचं फिनेल. पायाखाली रबरी लादी. डोक्यावर ट्यूबलाइटी. बोळाच्या टोकाला घरघरणारा पंखा.

"ताई," भाऊ गुडघा चोळत म्हणाले, "माझं काही चुकलं का? मूठ वेडीवाकडी धरली का मी?"

"नाही हो भाऊ," ती म्हणाली. तिने मूठ त्यांच्या हातातून सोडवून घेतली.

त्याच दुपारी ती जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. जुनी ओळख. बाई कात्री बाजूला ठेवून शांतपणे ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, बरोबर? पण कल्पना कर, त्याला कशाने पोळलं तेच कळलं नाही. मग तो काय करेल? तो वाटीला भिईल, खोलीला भिईल, त्या वेळी खिडकीतून येत होता त्या उजेडाला भिईल. मेंदू म्हणतो, कोण ते ठाऊक नाही ना, मग सगळ्यांनाच धरून ठेवा. वास, जमीन, आवाज, सगळ्याची एक मोळी बांधतो. पुढे कुठेही त्या मोळीतल्या दोन-तीन काड्या दिसल्या की अख्खी मोळी अंगावर."

"आणि तो गप्प उभा राहतो ते?"

"पळायला वाट नसली की जनावर गोठतं. आपल्याला वाटतं, किती गुणी."

"पुसता येते का ही भीती?"

"पुसता नाही येत. तिच्यावर दुसरा धडा बसवता येतो. त्याच जागी, रोज थोडं, काही वाईट न होता. बसतो तो. पण खालचा धडा जात नाही कुठे. एखाद्या दिवशी नवीन जागी, दमलेला असताना, पुन्हा वर येतो." बाई जरा थांबल्या. "त्या हॉलमध्ये होतं काय गं याला?"

घरी आल्यावर चिमणीने मोज्याला पट्टाबिट्टा न घालता नुसतं हॉलकडे नेलं. दार उघडं, आत कुणी नाही. तिने चेंडू दाखवला, लाडाने हाक मारली. उंबऱ्याशी येताच तो ताठ झाला आणि त्याच्या मागच्या पायांतून धार लागली. वर्षाचा होता तेव्हापासून तो घरात कधी घाण करत नव्हता. ती खाली बसली, मानेवरचे केस दोन्ही हातांनी दुभंगले. ठिपके होते. दोनच, शेजारी शेजारी, एकाच मापाचे. पट्टा घासला असता तर मानभर घासला असता. एवढं साधं तिला आधी दिसलं नाही, कारण सांगणारा काका होता.

काका अंगणातल्या बाकावर बसून मुठीचं चामडं शिवत होता. त्याला पाहताच मोज्या, अजून ओल्या पायांनी, शेपूट हलवत गेला आणि त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून उभा राहिला.

"काका, दार लावून काय करतोस तू?"

"पक्कं करतो."

"कशाने?"

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, सुई चामड्यात खुपसून ठेवली, आणि चष्मा ठेवायच्या खिशातून एक छोटा डबीसारखा रिमोट काढून बाकावर ठेवला. त्याला एकच बटण. लपवालपवी नाही, त-त-प-प नाही. हेच तिला नंतर कितीतरी दिवस खात राहिलं.

"आतला पट्टा वेगळा असतो, मानेला विजेचा झटका देणारा," तो म्हणाला, जणू चामड्याचा टाका समजावतोय. "बिस्किटाकडे मान वळली की दाबायचं. हात खिशात, तोंडावर हसू. कुणी केलं ते कुत्र्याला कळता कामा नये. मारणारा हात दिसला तर ते माणसाला भ्यायला लागतं, आणि माणसाला भ्यालेलं कुत्रं अंध माणसाच्या काय कामाचं? भीती जागेला चिकटली पाहिजे चिमणे, माणसाला नाही. जागेचं काय जातंय?"

"ती जागा कुठे संपते हे त्याला कोण सांगणार? आज भाऊ पडले हॉस्पिटलात."

"मग हॉस्पिटल दुसरं बघू त्यांच्यासाठी. आजवर इतकी कुत्री दिली, तक्रार आली कुणाची?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझा जीव हळवा. तुला कळलं असतं तर तू त्याला आत सोडलं असतंस का?" काकाने मोज्याचे कान कुरवाळले. "आणि तू पुढे झाल्याशिवाय तो आत आला असता का? त्याचा तुझ्यावर जीव, म्हणून तर काम होतं."

चिमणीने मोज्याकडे पाहिलं. म्हणजे त्या कामात तीही होती. बटण त्याचं आणि आमिष ती. रोज सकाळी 'काका आहे ना आत' म्हणत तिने स्वतःच्या हाताने त्याला रेटलं होतं, आणि पोरगं सुधारलं म्हणून गावभर मिरवलं होतं.

"तू निर्दय आहेस," ती म्हणाली. एवढे कठोर शब्द तिने त्याला आयुष्यात वापरले नव्हते.

हे मात्र काकाला लागलं. "निर्दय? तुला कधी हात लावला मी? एक चापट तरी?"

"नाही."

"का नाही लावला? विचार केलास कधी? तुझा बाप नुकता गेलेला. तू दिवसरात्र गच्चीवर. वर कठडा नव्हता तेव्हा, ते तुला आठवायचं नाही. कडेवर पाय सोडून बसायचीस, बापाची वाट बघतेय म्हणून. समजावलं, ओरडलो, दाराला कुलूप घातलं, तर शेजारच्या गच्चीवरून चढलीस. झोप उडाली होती माझी. मारलं असतं तर तू मला भ्यायली असतीस, आणि माझ्याशिवाय तुझं होतं कोण? म्हणून मग..."

तो थांबला. फार उशिरा थांबला.

"म्हणून मग काय?"

काकाने सुई उचलली, परत ठेवली.

"काका, जिन्यावर काय होतं?"

"पत्र्याचा डबा होता गं नुसता," तो हळू आवाजात म्हणाला. "जिन्यातला दिवा काढून टाकला होता. मी लोखंडी दाराआड उभा राहायचो. तू वळणावर आलीस की डब्यावर सळई हाणायची. तू तिथेच गोठून बसायचीस, तेवढ्यात मी मागच्या शिडीने उतरून खाली हजर."

"बसायचीस? किती वेळा केलंस हे?"

"पक्कं होईपर्यंत."

मोज्याची शेपूट बाकाच्या पायावर आपटत होती. मग काकाच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिला सहन होईना. ते ओशाळणं नव्हतं. ती माया होती, आणि थोडासा अभिमान.

"पण धावत तू माझ्याकडेच आलीस की नाही?" तो म्हणाला. "गळ्याला अशी मिठी मारायचीस की सोडवता सोडवत नव्हती. त्याआधी तू मला धड काका पण म्हणत नव्हतीस."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. शत्रूने कापला असता तर ओरडता तरी आलं असतं. तिला वाटायचं, ज्या दिवशी जगाची सगळ्यात जास्त भीती वाटली त्या दिवशी हा माणूस खाली हात पसरून उभा होता. तिच्या सगळ्या आयुष्याचा पाया म्हणाल तर तेवढाच. आणि तो पाया ज्याने घातला त्यानेच आधी खड्डा खणला होता. वर हेही खरं की कठडा नव्हता. कदाचित त्या डब्यानेच तिचा जीव वाचवला असेल. त्यामुळे तिला धड रागावताही येईना, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी ती भाऊंच्या दुकानात गेली. भिंतभर घड्याळं आपापल्या चालीने टिकटिकत होती. तिने काही न लपवता सगळं सांगितलं. जिन्याचं तेवढं सांगितलं नाही.

भाऊंनी हातातलं चाक फडक्यावर ठेवलं. "पुन्हा शिकेल का तो?"

"शिकेल. पण तो पुन्हा कधी गोठणारच नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही."

"आणि तो रस्त्याच्या मधोमध गोठला तर?"

तिने मान खाली घातली; ते त्यांना दिसणार नव्हतं.

"म्हणजे नाही," भाऊ म्हणाले. फडक्यावरचं चाक चाचपत ते पुढे बोलले, "तुमच्या काकांनी तर सांगितलं, कुत्रा देण्याआधीची परीक्षा तुमच्या हॉलमध्येच आहे, नक्की पास होईल. ते काल रात्रीच फोनवर बोलले. तुम्ही नसता आलात तर मी घेतला असता त्याला."

"म्हणूनच आले."

"उपकार झाले," ते म्हणाले, आणि त्यात उपहास नव्हता. "तुम्हाला ठाऊक नव्हतं, हे मी खरं मानतो ताई. पण माझ्या पोरीला काय सांगू? नोकरीवर उद्या हजर व्हायचंय तिला. आणि रागावू नका, पण कुत्र्याची दोरी तर तुमच्याच हातात होती ना?"

ती रागावली नाही. रागावण्यासारखं त्यात काय होतं?

घरी येऊन तिने पिशवी भरली. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक खोली रिकामी होती. ती आणि मोज्या तिथे राहणार होते. तो आता कुणाला वाट दाखवणार नव्हता, नुसता कुत्रा होणार होता. काका दारात उभा राहून बघत होता. कालपासून त्याच्याशी ती एक अक्षर बोलली नव्हती. पिशवीत कपडे कमी भरले तेव्हा तिच्या लक्षात आलं, परवाचे धुतलेले कपडे अजून वरच आहेत.

"थांब, मी आणतो," काका म्हणाला आणि सवयीने जिन्याकडे वळला.

"नको. माझे मी आणेन."

तिने जिन्याचा कठडा धरला. भरदुपार होती, वरचं दार उघडं असल्याने जिन्यात लख्ख उजेड होता. मोज्या तिच्यापुढे उड्या मारत वर पळाला. त्याच्या लेखी तो नुसता जिना होता. ती चढली. स्वतःशी बोलत चढली. डबा होता नुसता. सळई होती. काका होता. वळणावर आली तसा गंजाचा, ओल्या भिंतीचा वास आला आणि तोंड कोरडं पडलं. तरी ती थांबली नाही. आणखी एक पायरी. उघड्या दारातून दोरीवरची तिची ओढणी हलताना दिसली. दाराआड, भिंतीला टेकून, चिमट्यांनी भरलेला तो पत्र्याचा डबा होता. झाकणाला पोचे आले होते. इतकी वर्षं ते पोचे कशाचे असं तिने कधी विचारलं नव्हतं, कारण इतक्या वर जाऊन तिने तो कधी पाहिलाच नव्हता. तिला हसू यायच्या बेतात होतं.

मोज्याने डबा हुंगला, पंजा मारला. डबा कलंडला आणि पायऱ्यांवरून खणाणत, चिमटे उधळत खाली आला.

पुढचं तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा ती जिन्याच्या तळाशी होती आणि तिचं तोंड काकाच्या खांद्यात खुपसलेलं होतं. तो हात पसरून उभा होता. हात पसरायची त्याची सवयही तेवढीच जुनी. त्याच्यापेक्षा हातभर रुंद झालेली ही बाई थरथरत होती आणि तिच्या दोन्ही मुठींत त्याचा शर्ट होता. तिला सगळं माहीत होतं. डबा माहीत होता, सळई माहीत होती, सळई मारणारा हात आत्ता आपल्या पाठीवरून फिरतोय हेही माहीत होतं. आणि तरी जगात तिच्यासाठी सुरक्षित जागा ही एवढीच, असं तिचं अंग तिला सांगत होतं.

"भ्यायचं नाही," काका तिच्या केसांत पुटपुटला. "मी आहे ना."

तिला शर्ट सोडायला वेळ लागला. मग तिने डोळे पुसले, मोज्याला शीळ घातली, पिशवी खांद्याला लावली.

"अगं, कपडे?" काका म्हणाला.

"राहू देत वरच."

फाटकापाशी मोज्या थांबला आणि मागे वळून काकाकडे बघत जोरजोरात शेपूट हलवू लागला. चिमणीने दोरीला हिसका दिला नाही. ती त्याच्या शेजारी तशीच उभी राहिली, कारण वळून बघायचं नाही असं ठरवूनही तिची मान केव्हाच वळली होती.